वाटेवरच्या गावाला कौल नसतो

माझे वडील रत्नागिरीच्या एका शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवत होते आणि त्या तीस वर्षांत ते कोल्हापूरच्या पलीकडे गेले नव्हते. कोल्हापूरलाही गेले ते शिक्षकांच्या बी.टी. परीक्षेला, आणि परीक्षेच्या धास्तीने त्यांनी रंकाळासुद्धा पाहिला नव्हता. पण जग त्यांना तोंडपाठ होतं. ऱ्हाईन नदी कुठे उगम पावते, कोणत्या वळणावर द्राक्षं पिकतात, हे ते असं सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, गुरुजी कालच तिथून हातपाय धुऊन आले.

ते रिटायर झाले त्या वर्षी लंडनहून दादाचं पत्र आलं. माझा हा मोठा भाऊ तिथे इंजिनियर होता. त्याने लिहिलं होतं की तुम्ही आणि आई पाच आठवडे या, तिकिटं मी पाठवतो. तीन आठवडे आमच्याकडे राहा, उरलेले दोन आठवडे मी रजा घेऊन तुम्हाला गाडीने युरोप दाखवतो. मात्र प्रत्येक देशाचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, तेव्हा फार तर चार ठिकाणं ठरवा आणि महिनाभरात कळवा. पत्राच्या शेवटी 'आईलाही विचारा' असं एक वाक्य होतं. बाबांनी पत्र मोठ्याने वाचलं तेव्हा ते वाक्यही वाचलं, आणि वाचलं म्हणजे केलं, असं समजून पत्र घडी करून ठेवलं.

आमच्या पडवीत शिकवणीचा फळा होता. त्याच संध्याकाळी बाबांनी त्यावर 'प्रवासाची ठिकाणे' असं शीर्षक लिहून खाली दुहेरी रेघ मारली आणि चार ठिकाणं लिहायला घेतली. रात्रीच्या जेवणापर्यंत अकरा झाली. त्यात आइसलँड होता. तिथे जमिनीतून गरम पाण्याचे फवारे उडतात म्हणून.

"बाबा, गरम पाणी बघायला राजवाडीला जा की," मी म्हटलं. "संगमेश्वरच्या गाडीने दोन तासांत पोचाल."

"तुला भूगोलात किती मार्क होते?" बाबांनी विचारलं. उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं.

त्यानंतरचे तीन आठवडे घरात युरोपशिवाय विषय नव्हता. मी तेव्हा बी.ए. होऊन घरी बसले होते, म्हणून पत्रं लिहिणं, फॉर्म भरणं आणि फळा पुसणं ही कामं माझ्याकडे आली. बाबा रोज सकाळी एक नाव पुसत आणि संध्याकाळी त्याच्या जागी दुसरं लिहीत. व्हेनिस पुसलं की त्यांना वाईट वाटे. तीस वर्षं ज्या गावाबद्दल पोरांना सांगितलं त्याला असं दारातून परत कसं पाठवायचं, असा त्यांचा चेहरा होई. पडवीत येणारा-जाणाराही फळा वाचून सल्ला दिल्याशिवाय हलत नसे. फुकटचा सल्ला द्यायला रत्नागिरीत कधी तोटा नव्हता.

या सल्लागारांत सर्वांत वरची जागा आमच्या शेजारच्या खलाशीकाकांची. त्यांनी जन्मभर मालवाहू बोटींवर नोकरी केली होती आणि जगातली यच्चयावत बंदरं पाहिली होती. बंदराच्या फाटकाबाहेर मात्र ते क्वचितच गेले होते. त्यामुळे प्रत्येक शहर त्यांना धक्क्यावरून माहीत होतं.

"पॅरिस?" त्यांनी फळा वाचून विचारलं. "तिथं धक्का कुठं हाय गुरुजी? जिथं बोट लागत नाय ते गाव कसलं?"

बाबांनी त्यांना नदीबद्दल सांगून पाहिलं. खलाशीकाकांना नदीतली बोट मान्य नव्हती.

"आणि ह्या हॉलंडला कशाला मरायला जाताव? मी आठ वेळा गेलोय. पाऊस, चिखल नि गाई. त्यापरास लांज्याला जावा, तिकीट तरी वाचंल."

आठ वेळा गेलेल्या माणसापुढे बाबा काय बोलणार? त्यांनी डस्टर उचललं आणि हॉलंड पुसलं. मी चहाचे कप न्यायला उठले तर आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात कालथा होता आणि नजर फळ्यावर. मग ती आत गेली. त्या दिवशी पोळ्या एका बाजूने करपल्या. आमच्या घरात ही फार मोठी बातमी होती, पण बाबांनी त्या जेवणात नॉर्वेचा विचार करत खाल्ल्या.

आईबद्दल इथे सांगायला हवं. ती चौथी शिकलेली. पण आमचं स्वयंपाकघर पडवीला लागून, आणि पडवीत तीस वर्षं संध्याकाळची शिकवणी. पोरं येत-जात राहिली, दरवर्षी नवी, आणि आई भिंतीपलीकडे एकटीच कायमची विद्यार्थिनी. एखादा मुलगा अडखळला की फोडणी देता देता ती ओठांतल्या ओठांत उत्तर पुटपुटायची. हे मला माहीत होतं. बाबांना माहीत नव्हतं, कारण ते भिंतीच्या दुसऱ्या बाजूला होते.

दोन दिवसांनी परसात बांगडे कापता कापता तिने मला विचारलं, "त्या हॉलंडच्या बांधाला जायचं तर लंडनहून किती लांब पडतं गं?"

"कुठला बांध?"

"समुद्र अडवलाय तो. जमीन खाली आणि समुद्र वर. नववीच्या पुस्तकात आहे."

मग तिने जे सांगितलं ते मी आधी तुकड्यातुकड्यांनी ऐकलं होतं, सलग कधीच नाही. तिचं माहेर मालगुंडच्या बाजूला, खाडीकाठी. तिच्या वडिलांची, म्हणजे तात्यांची, भातशेती खारातली. खाडीचं पाणी अडवायला मातीचा बांध घालायचा, पावसाचं पाणी जायला त्यात लाकडी उघाडी ठेवायची, आणि बांधाच्या आत भात लावायचं. बांधात कुर्ल्या, म्हणजे खेकडे, भोकं पाडतात. भोक वेळेवर बुजवलं नाही तर उधाणात तिथूनच बांध फुटतो. तात्या दर अमावास्येला आणि पुनवेला फावडं घेऊन बांधावर फिरायचे. तरी एका भाद्रपदात बांध फुटला, खारं पाणी आत शिरलं आणि शेत कायमचं गेलं. गाव म्हणालं, तात्या झोपला. गाव म्हणालं ते म्हणालंच, तिचा सख्खा भाऊ, म्हणजे आमचा मामाही, तेच म्हणाला आणि म्हणतच राहिला. तात्या कधी काही बोलले नाहीत. ते गेले तेव्हाही लोक म्हणाले, माणूस चांगला होता, पण त्याला बांध राखता आला नाही.

"मला बघायचंय," आई म्हणाली, "ते लोक कसा राखतात. तात्यांचं काय चुकलं ते मला कळेल."

"मग बाबांना सांग ना."

"विचारलं तर सांगेन."

"ते नाही विचारायचे."

"मग नाही सांगणार," असं म्हणून तिने पुढचा बांगडा उचलला. वर मला बजावलं की तूही मधे पडू नकोस.

मी मधे पडले नाही. आईने बजावलं हे एक कारण, पण खरं कारण असं की मला बाबांचा भयंकर राग आला होता. पत्रात स्पष्ट लिहिलेलं वाक्य हा माणूस कधी वाचतो ते मला बघायचंच होतं. ते रोज आइसलँडची कीव करत होते आणि भिंतीपलीकडे बघत नव्हते. महिना संपायला आठ दिवस उरले तेव्हा फळ्यावर नऊ नावं होती, हॉलंड त्यात नव्हतं, आणि मी रोज फळ्याच्या कडा पुसताना डस्टर मुद्दाम जोरात आपटत होते. बाबा म्हणायचे, हळू, खडू उडतो.

शेवटी देवरुखचे काका आले. हे बाबांचे थोरले भाऊ. फळा बघून ते म्हणाले, "एवढं कशाला डोकं शिणवतोस? गावी जा, देवाला कौल लाव."

आमचं मूळ गाव लांज्याजवळ. तिथल्या ग्रामदेवतेला कौल लावल्याशिवाय आमच्या घरात लग्न ठरलं नाही की विहीर खणली गेली नाही. बाबा मात्र शास्त्र मानणारे. ते म्हणाले, "दगडाला पॅरिस काय माहीत?" काका म्हणाले, "तुलाही कुठे माहीत आहे?" यावर बाबांनी दोन दिवस विचार केला आणि केवळ प्रथा म्हणून जायचं ठरवलं. अंतिम चार नावं एका कागदावर लिहून खिशात घातली: पॅरिस, रोम, स्वित्झर्लंड, व्हिएन्ना.

दुपारच्या एस.टी.ने आम्ही तिघं निघालो. देवळात गुरव वाटच बघत होता. वयाने बाबांहून थोराड, बोलायला मोजका. त्याने पद्धत सांगितली. देवाच्या पाषाणावर दोन बाजूंना ओल्या कळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि बघत बसायचं. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

बाबांनी कागद पुढे केला. गुरवाने तो हातात घेतला नाही.

"नावाचा काय उपयोग? देवाला सांगाया पायजे, तिथं काय हाय."

"पॅरिसला ना? लोखंडाचा प्रचंड उंच मनोरा आहे."

"कशासाठी?"

बाबांना त्याची उंची माहीत होती, वजन माहीत होतं, कोणत्या साली बांधला ते माहीत होतं. कशासाठी हे पुस्तकात नव्हतं. "पाहण्यासाठी," ते म्हणाले.

गुरवाने कळ्या लावल्या, हात जोडले आणि खड्या आवाजात सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, तुझी लेकरं परदेशी निघालीत. तिथं लोखंडाचा मनोरा हाय. उपयोग काय नाय, नुसता बगायचा हाय. तर जावं का न जावं, उजवी-डावी करून सांग म्हाराजा."

"उपयोग नाही असं सांगू नका हो," बाबा कुजबुजले. तोवर डावी कळी पडलीसुद्धा.

रोमच्या बाबतीत बाबांनी सावधगिरी म्हणून इतिहास सांगितला. तिथे दोन हजार वर्षांची जुनी गोल इमारत आहे, तिच्यात पूर्वी माणसांना सिंहापुढे टाकत. गुरव त्यांच्याकडे बघतच राहिला. "आता नाही टाकत," बाबा घाईने म्हणाले. पण गुरवाने गाऱ्हाण्यात सिंह घातला आणि 'आता नाही' गाळलं. डावी कळी गाऱ्हाणं संपायच्या आतच खाली आली.

स्वित्झर्लंडला बर्फ आहे म्हटल्यावर गुरवाने आपणहून "आणि गुरुजींना खोकला हाय" असं जोडलं. पुन्हा डावी. व्हिएन्नाला गाणंबजावणं असतं, हे ऐकून तो म्हणाला की ते आपल्याकडे शिमग्याला असतंच, आणि देवालाही तसंच सांगितलं. चौथी डावी.

"तुम्ही साक्षच उलटी देताय," बाबा चिडून म्हणाले. ते कागद खिशात घालून उठायला लागले. चारची गाडी ही गावातून सुटणारी शेवटची, आणि साडेतीन होत आले होते.

गुरव उठला नाही. तो आईकडे वळला. "जोडीनं जायाचं तर जोडीनं इचारायचं. पद्धत हाय. वैनी, तुमचं कुठं जायाचं हाय?"

महिनाभरात आमच्या घरी जेवढी माणसं आली, त्यांतल्या एकानेही हा प्रश्न विचारला नव्हता. मी देवळाच्या खांबाला टेकून उभी होते, ती सरळ झाले.

"बांध बघायला," आई म्हणाली. "समुद्र अडवून आत शेती केलीय, तो बांध. खाराच्या बांधासारखा, पण मोठा. तो कसा राखतात ते बघायचंय."

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू फळ्यानेच तोंड उघडलं. गुरवाने मात्र पहिल्यांदा मान डोलावली. "बांध म्हंजे बगण्यासारखी गोष्ट," तो म्हणाला, आणि नव्या कळ्या भिजवून नीट लावल्या. या वेळी गाऱ्हाण्यात त्याने स्वतःची भर घातली नाही. आई बोलली तेच शब्द त्याने देवाला सांगितले.

कळ्या पडेनात. उजवी नाही, डावी नाही. पावणेचार झाले. बाहेर पिंपळाखाली गाडी येऊन उभी राहिल्याचा आवाज आला.

"अगं, गाडी," बाबा म्हणाले.

"तुम्ही जा. मी बसते."

हे ती रागाने म्हणाली नाही. दुकानात गर्दी आहे, तुम्ही व्हा पुढे, असं म्हणावं तितकं साधं म्हणाली. पण माझ्या जन्मापासून मी तिला बाबांच्या चार पावलं मागे चालताना पाहिलं होतं, आणि चुकलेली गाडी हे तिच्या लेखी पाप होतं. बाबा दारापर्यंत गेले. कंडक्टरने घंटी मारली. बाबांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि परत येऊन तिच्याशेजारी फरशीवर मांडी घालून बसले. गाडी गेली. आम्ही चौघं त्या दोन कळ्यांकडे बघत राहिलो. मी देवधर्म फारसा करत नाही, पण त्या दिवशी मी उजव्या कळीला अक्षरशः विनवत होते.

ती पडली तेव्हा साडेचार झाले असतील. उजवी.

"झाला कौल," गुरव म्हणाला आणि नारळ फोडायला घेतला. आईने डोळे पुसले. आता बाबांना वाचा फुटली.

"बांध तर ठरला. पण बाकीची चार?"

"तिथं नकार हाय."

"बरोबर. पण समजा, बांधाला जाताना ती वाटेत लागली तर?"

गुरवाने खोबऱ्याचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. "वाटेवरच्या गावाला कौल नसतो. मुंबयला जाताना खेड लागतं, म्हणून आपण खेडचा कौल लावतो काय?"

बाबांचा चेहरा उजळला. महामार्गापर्यंत आम्हाला तासभर चालावं लागलं. वाटेत त्यांनी आईला विचारलं, "तुला हे बांधाचं कधीपासून वाटत होतं?" ती म्हणाली, "तुम्ही पहिल्यांदा शिकवलंत तेव्हापासून." म्हणजे जवळपास तीस वर्षं. पुढची अर्धी वाट ती तात्यांबद्दल बोलत होती. बाबा मागे पडले होते आणि ऐकत होते.

घरी आल्यावर त्यांनी फळा स्वच्छ पुसला, मधोमध हॉलंड लिहिलं आणि लंडनहून तिथे जायचा रस्ता आखला. तो रस्ता पॅरिसवरून स्वित्झर्लंडला जात होता, तिथून रोमला उतरत होता, व्हिएन्नाला वळसा घालत होता आणि मग हॉलंडला पोचत होता. नकाशा मी दादाला पाठवला. त्याचं उलट टपाली उत्तर आलं. "बाबा, लंडनहून निघाल्यावर हॉलंड समुद्रापलीकडे समोरच आहे. वाटेत रोम लागायचं तर माणूस चांगलाच चुकलेला असावा लागतो. आठवीत मी असा रस्ता काढला असता तर तुम्ही मला बाकावर उभं केलं असतंत. पॅरिस आणि स्वित्झर्लंड कसंबसं बसवतो."

बाबांनी रोम आणि व्हिएन्ना स्वतःच्या हाताने पुसली. हॉलंडपुढे कंसात 'तीन दिवस' लिहिलं. इतक्या वर्षांत मी त्यांच्यावर इतकी खूश कधी झाले नव्हते.

ते गेले, आणि मला दर आठवड्याला पत्र येत राहिलं. पॅरिसवर बाबांनी दोन ओळी लिहिल्या होत्या. मनोरा पाहिला, गुरवाचं म्हणणं अगदीच चूक नाही. हॉलंडचं पत्र दादाचं होतं. "बांधावरच्या ऑफिसात आईने तिथल्या माणसाला इतके प्रश्न विचारले की तिला भारत सरकारने पाठवलंय असं त्याला वाटलं. मी भाषांतर करून थकलो. बाबा तिची पिशवी धरून मागे उभे होते आणि मधे एकदाही बोलले नाहीत."

परत आल्यावर आठवडाही झाला नव्हता तेव्हा आई म्हणाली, मालगुंडला जाऊ. आम्ही मामाकडे गेलो. तिने बॅगही न ठेवता मामाला खाडीवर चल म्हटलं. तात्यांचा बांध आता कुठे कुठे नुसता उंचवट्यासारखा उरला होता आणि शेतात खारफुटीचं कांदळ माजलं होतं. आई त्या उंचवट्यावर उभी राहिली.

"तिथं बांधाला पगारी माणसं आहेत," तिने मामाला सांगितलं. "यंत्रं आहेत, पंप आहेत. बांधाचं वेगळं ऑफिस आहे, त्यात साहेब आहे. मी त्याला विचारलं, एवढं सगळं असून फुटतो का? तो म्हणाला, फुटला होता. माणसं बुडाली होती."

मामा खाडीकडे बघत राहिला.

"मी विचारलं, मग चूक कोणाची धरली? तर त्याला माझा प्रश्नच कळेना. दादाने दोनदा सांगितला. तो म्हणाला, बाई, समुद्र होता तो."

भरतीचं पाणी कांदळाच्या मुळांत शिरत होतं. मग मामाने विचारलं, "कुर्ल्या असतात काय गं त्यांच्या बांधात?"

"घुशींसारखं काहीतरी असतं. तेही भोकं पाडतं."

"आणि बघत कोण फिरतं?"

"खूप जण," आई म्हणाली. "आपल्याकडे तात्या एकटे होते."

मामा खाली बसला. पायाशी बांधाला कुर्लीचं एक भोक होतं. आत राखण्यासारखं शेत उरलं नव्हतं, तरी त्याने मूठभर ओला चिखल उचलला आणि ते भोक बुजवलं.